एका पंपात एकच औषध

वरूड, १० सप्टेंबर २०२४

देवा,

वर आशीर्वाद लिहायचा की नाही यात दोन दिवस गेले. शेवटी नुसतं नाव लिहिलं.

तुझा पत्ता आपल्या गावातल्या शालिकरामकडून मिळाला. तो बायकोला दाखवायला अकोल्याला गेला होता. तिथून आणलेल्या औषधाच्या बिलावर दुकानाचं नाव होतं आणि खाली तुझी सही. सहीखालची रेघ तू अजून तशीच लांब ओढतोस. मागच्या वर्षी मी तुला तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. तक्रार करत नाही. पत्र निदान हातात तरी घ्यावं लागतं.

आधी कामाचं. माझी आचल आजारी आहे. तू गेलास तेव्हा वर्षाची होती, तू तिला संत्र्याच्या रिकाम्या पेटीत बसवून बागभर फिरवायचास आणि व्यापाऱ्याला म्हणायचास, "हा माल विकायचा नाई बरं शेठ." ती आता वीस वर्षांची आहे. अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या वर्षी तिला शौचातून रक्त पडू लागलं. आधी मूळव्याध म्हणून औषध झालं, मग आव म्हणून. पोर दहा-बारा वेळा जायची आणि मैत्रिणींना सांगायची, पोट बिघडलं. शेवटी अमरावतीच्या पोटाच्या डॉक्टर बाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, व्रण आहेत. कायमचा आजार, पण आटोक्यात राहतो म्हणाल्या. स्टिरॉइडवर सहा महिने गेले. सोडलं की उलटतं.

आता त्यांनी शिरेतून द्यायचं इंजेक्शन सांगितलं आहे, इन्फ्लिक्सिमॅब. आणि त्याच्यासोबत रोज एक गोळी, अझाथायोप्रिन. दोन्ही एकत्र. टीबीची तपासणी झाली, सोळा तारखेला पहिलं इंजेक्शन.

मी डॉक्टर बाईंना विचारलं, "सोबत? फवाऱ्यातल्या दोन औषधांवानी फाटत नाई काय?"

"काय फाटतं?"

आचल हसायला लागली. "बाबा, माह्या पोटात फवारा मारून राहिले काय ते?"

मग बाईंनी नीट सांगितलं. एकटं इंजेक्शन, एकटी गोळी आणि दोन्ही सोबत, अशी तुलना करून पाहिलेली आहे म्हणे. एकट्या औषधावर शंभरातली वीस-पंचवीस माणसं स्टिरॉइड सोडून बरी राहिली, दोन्हींवर चाळीसेक. इंजेक्शन शरीराला परकं वाटतं, शरीर त्याच्याविरुद्ध उभं राहतं. गोळी शरीराला शांत ठेवते. मी मान हलवली, पण पटलं नाही.

का पटलं नाही ते तुला सांगायला नको. आपल्या आबांचं म्हणणं होतं, एका पंपात एकच औषध. आणि दोन हजार पाचच्या मार्चमध्ये तुझ्या हातून ड्रममध्ये तेल आणि गंधक एकत्र झालं, तेव्हा तीनशे झाडांची पानं तीन दिवसांत करपली. वाटाण्याएवढी फळं खाली पडून पायाखाली वाजायची. आपल्याकडे फवाऱ्याच्या बाटलीलाही औषध म्हणतात आणि पोरीच्या गोळीलाही. मला ते दोन वेगळे शब्द वाटतच नाहीत.

आबा तेव्हा तुला म्हणाले होते, "तुले औषधातलं काय समजते?" आज तू औषधाचं दुकान चालवतोस. म्हणून तुलाच विचारतो. दोन द्यायची की एकच?

खुशाल


वरूड, १० ऑक्टोबर २०२४

देवा,

तुझं उत्तर मिळालं. बिलाच्या मागच्या बाजूला तीन ओळी: "दोन्ही द्या. गोळी सुरू करताना दर आठवड्याला रक्त तपासा, पांढऱ्या पेशी बघा. केस गळले तर लगेच कळवा." खाली नाव नाही. चालेल. वीस वर्षांत एवढं पहिल्यांदाच आलं. दीपमालानं ते देवघरात ठेवलं. मी म्हटलं, अगं बिल आहे ते. ती म्हणे, "भावजीचं अक्षर आहे."

दोन इंजेक्शनं झाली. आचल सध्या होस्टेल सोडून घरीच आहे. अमरावतीला खुर्चीवर बसवतात, दोन-अडीच तास थेंब थेंब जातं. आचल मोबाइल बघते, मी थेंब बघतो. फरक इतका पडला की विश्वास बसत नाही. रक्त थांबलं. परवा तिनं भाकर आणि पातोडीची भाजी मागून घेतली. दीपमाला चुलीकडे तोंड करून रडली.

रक्ताचे रिपोर्टही इतके चांगले की डॉक्टर बाई खूश आहेत. पांढऱ्या पेशी जागच्या हलल्या नाहीत. गोळ्या मी स्वतःच्या हातानं देतो, सकाळी रक्तवाढीची, संध्याकाळी ही, तिच्या तळहातावर ठेवतो. बारीक, पिवळी असते.

परवा जुना पायपंप दिसला. वाल्व्ह गेला आहे, पण टाकवत नाही. तू पंपावर, मी नळीवर. मी झाडाच्या शेंड्याला मारत असलो की तू मुद्दाम पाय थांबवायचास, नळीतून फुसकन हवा यायची. मी ओरडलो की म्हणायचास, "दादा, इंजिन तापलं." दुपारी विहिरीवर हात धुऊन आपण बसायचो तेव्हा बहाराचा वास अंगातल्या गंधकाच्या वासावरही मात करायचा. आता ब्लोअर आहे, ट्रॅक्टरवर. तासाभरात बाग होते. बोलायला कोणी लागत नाही.

तुझ्या बायकोला, शालूला, आणि लेकरांना विचारलं म्हणून सांग. किती लेकरं, ते मला माहीत नाही.

खुशाल


वरूड, ९ जानेवारी २०२५

देवा,

तेवीस डिसेंबरला चौथं इंजेक्शन झालं आणि त्याचा काहीच गुण आला नाही. आठव्या दिवशी पुन्हा रक्त. आता दिवसातून चौदा वेळा. पोरगी भिंत धरून चालते. कॉलेजची परीक्षा बुडाली. पुस्तकं उशाशी घेऊन झोपते, उघडत नाही.

डॉक्टर बाईंनी रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आला: शरीर इंजेक्शनच्या विरोधात उभं राहिलं आहे, औषध रक्तात टिकतच नाही. बाई बुचकळ्यात पडल्या. "गोळी सोबत असताना हे एवढ्या लवकर सहसा होत नाही," म्हणाल्या. आचलला विचारलं, "एकही दिवस चुकली नाही ना?"

आचल म्हणाली, "नाई मॅडम. बाबा टाईमले हातावर ठेवतात."

मी खिडकीकडे पाहत होतो.

त्यांचं म्हणणं असं, की दोन्ही औषधं मिळूनही हरली, म्हणजे हा रस्ता संपला. दुसरी औषधं आहेत, पण पोरीची तब्येत ती एकेक करून बघत बसण्यासारखी नाही. त्या नागपूरच्या सर्जनला चिठ्ठी देणार आहेत. मोठं आतडं काढायचं, आणि काही महिने तरी पोटाला पिशवी. तोवर स्टिरॉइडवर ठेवू, तीन फेब्रुवारीला ठरवू म्हणाल्या. परत येताना गाडीत आचल एवढंच बोलली, "पिशवी ड्रेसमधून दिसते काय?" दीपमाला म्हणाली, दिसत नाही. तिला काय माहीत.

तुला एक विचारायचं होतं. समजा, एखाद्यानं ती गोळी घेतलीच नसेल, नुसतं इंजेक्शन घेतलं असेल, तर असं होऊ शकतं काय? आणि नंतर गोळी सुरू केली तर इंजेक्शन पुन्हा लागू पडतं काय? माहिती म्हणून विचारतो.

माय गेली तेव्हा तू आला होतास. राख सावडून तिसऱ्या दिवशी गेलास. तेव्हाच तुझ्याशी बोलायला हवं होतं. तू ओसरीवर बुटाची लेस बांधत होतास आणि मी चहा घेऊन आत उभा होतो. चहा गार झाला.

खुशाल


वरूड, २४ जानेवारी २०२५

देवा,

या वेळी तू कोऱ्या कागदावर लिहिलंस. "एखाद्यानं म्हणजे कोणी? गोळी घेतलीच नसेल तर हो, असं होतं. नंतर गोळी सुरू करून काहींचं इंजेक्शन पुन्हा चालतं, सगळ्यांचं नाही. पण ते डॉक्टरला खरं कळलं तरच. दादा, तुमी काय केलं?"

सांगतो.

मी तिला ती गोळी कधीच दिली नाही. डॉक्टर बाईंनी रक्त वाढायला फॉलिक ॲसिड दिलं होतं, तेही पिवळं, तेही बारीक. सकाळी एक, संध्याकाळी एक, दोन्ही तीच. खऱ्या गोळ्यांच्या पट्ट्या माझ्या ट्रंकेत आहेत, एकही फोडलेली नाही. रक्ताचे रिपोर्ट चांगले का होते, ते आता कळलं असेल.

पंपाचं मी तुला लिहिलं, ते खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर एक ओळ होती: दोन्ही औषधं सोबत घेतली तर एका जातीच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. मी ती ओळ वाचली आणि कागद घडी करून खिशात घातला. कोणाला विचारलं नाही. वाटलं, इंजेक्शननं भागतंय तर विष कशाला. दोन महिने ती बरी झाली तेव्हा तर मला माझी हुशारी वाटत होती.

आता दुसरं. हे त्याच्याआधी सांगायला हवं होतं, वीस वर्षांआधी.

त्या दिवशी सकाळी ड्रममध्ये तेल मी टाकलं होतं. पानांवरच्या कोळी किडीसाठी. तेवढ्यात पेट्या भरायला गाडी आली म्हणून मी बांधावर गेलो. दुपारी तू ड्रमजवळून ओरडलास, "दादा, पाणी दुधावानी काऊन दिसते?" मी व्यापाऱ्याशी बोलत होतो. न बघता म्हटलं, "तळाचा चुना असंल. घाल तू गंधक." त्या क्षणी मी खरंच विसरलो होतो. संध्याकाळी तेलाचा रिकामा डबा पाहिला आणि आठवलं. पानं करपायला तीन दिवस होते. तीन दिवसांत मी कधीही सांगू शकलो असतो. मग आबा तुझ्यावर चढले, आणि मी विहिरीच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मोटरचं बटण तपासायला गेलो.

तीन फेब्रुवारी जवळ आली. देवा, तू डॉक्टर बाईंना फोन कर. तू औषधवाला आहेस, तुझ्या तोंडून त्यांना नीट कळेल. आचलला मी नंतर सांगेन. मला तिच्यासमोर बोलता येणार नाही. नंबर खाली दिला आहे.

खुशाल


वरूड, ४ फेब्रुवारी २०२५

देवा,

तू फोन करणार नाहीस, हे तुझं पत्र फोडायच्या आधीच कळलं होतं. पण त्यात जे लिहिलंस ते मात्र माहीत नव्हतं. तेलाचा डबा तूही त्याच संध्याकाळी पाहिला होतास. मी सांगीन म्हणून तू थांबलास. आबांच्या बोलण्यानंतर घर सोडून निघालास तेव्हाही वरूडच्या स्टँडवर मोर्शीच्या दोन गाड्या सोडल्यास. "तिसरी आली तेव्हा बसलो," लिहिलंस. मी त्या वेळी घरी होतो, देवा. स्टँड सायकलीनं दहा मिनिटांवर होतं.

"पोरगी कोणत्या गाडीची वाट पाहून राहिली ते तिले तरी माहीत आहे काय?" हे वाक्य मी पुष्कळ वेळा वाचलं.

काल गेलो. डॉक्टर बाई नागपूरची चिठ्ठी लिहीतच होत्या. मी पिशवीतून पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. म्हटलं, "ह्या त्या गोळ्या. पोरीच्या पोटात एकही गेली नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आचलनं एक पट्टी उचलली, उलटसुलट केली.

"मंग मी काय खात होती?"

"फॉलिक."

"दोनी टाईम?"

"हो."

दीपमालानं तोंडाला पदर लावला. बाई मला जे बोलल्या ते लिहीत नाही, त्यांचा हक्क होता. मग त्यांनी चिठ्ठी बाजूला सरकवली आणि आचलकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे दोन औषधं हरली नाहीत. दोन औषधं दिलीच गेली नाहीत." विरोधाची पातळी अजून फार वर गेलेली नाही, प्रयत्न करता येईल. गोळी आधी थोडी, मग वाढवत. इंजेक्शन महिन्यावर. दर आठवड्याला रक्त. मधे स्टिरॉइडचा आधार. एप्रिलपर्यंत पाहू, तोवर तब्येत ढासळली तर मात्र नागपूर. हमी देत नाही, असं दोनदा म्हणाल्या.

बाहेर आल्यावर दीपमाला रसवंतीच्या बाकावर बसली. आचल उभीच होती. मी म्हटलं, "बेटा, बस." ती बसली नाही. म्हणाली, "होस्टेलवरच्या साऱ्याइले मी फोनवर सांगत होती, माह्ये बाबा माह्या गोळीचा टाईम चुकवत नाई."

बस्स, एवढंच. घरी आल्यावर तिनं गोळ्यांचा डबा तिच्या खोलीत नेला. आणि दीपमालाकडे तुझा नंबर मागितला. दीपमालाकडे तुझाच काय, शालूचाही होता! सात वर्षांपासून ती आणि शालू बोलतात. या घरात लपवणारा मी एकटाच नव्हतो, पण तिच्या लपवण्यानं कोणाचं काही बिघडलं नाही.

आचल रविवारी तुझ्याकडे येते आहे. मी सोडायला येऊ नये असं तिनं सांगितलं आहे; दीपमाला येईल. रक्ताची तपासणी अकोल्यातच होईल, इंजेक्शनला ती तिथूनच अमरावतीला जाईल. तिला काय पचतं, काय नाही, याची मी एक यादी केली होती. पाठवत नाही. तिलाच विचार.

खुशाल


वरूड, २० एप्रिल २०२५

देवा,

शालूनं तुला सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून लिहितो.

पंधरा तारखेला मी अमरावतीला गेलो होतो. कोणी बोलावलं नव्हतं. शालू आणि आचल आधीच आलेल्या होत्या. मला पाहून आचलनं तोंड फिरवलं नाही. तब्येत भरली आहे तिची. केस थोडे विरळ झालेत, ते तिनं कापून आखूड केले आहेत. तुमच्याकडचं पाणी मानवलं असं शालूला म्हणणार होतो, पण धीर झाला नाही. शालू म्हणाली, "भाऊजी, बसा ना." मी बाहेरच्या बाकावर बसलो. दुर्बिणीची तपासणी झाली आणि त्या दोघी आत गेल्या.

पंधरा-वीस मिनिटांनी दार उघडलं. आचल म्हणाली, "बाबा, आत या. मॅडम विचारून राहिल्या, तुमाले काई विचारायचं आहे काय."

आतड्यावर नवी त्वचा धरते आहे. इंजेक्शन रक्तात पुन्हा टिकू लागलं आहे. स्टिरॉइड बंद होऊन तीन आठवडे झाले. सर्जनचं नाव सध्या काढायचं नाही. पुढे काय होईल ते कोणी सांगू शकत नाही, पण आज आतडं जागेवर आहे आणि पोरगी जेवते आहे.

मी हात जोडले. मग जे सप्टेंबरात विचारायचं होतं ते विचारलं. "दोन्ही सोबत घेऊन कॅन्सर होईल काय?"

बाई चिडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसा म्हणाल्या. धोका आहे, पण फार थोडा आहे. गोळी किती वर्षं ठेवायची ते दरवर्षी पुन्हा पाहायचं, जमलं तर पुढे बंद करायची. आणि आतडं असंच धुमसत राहिलं तर त्यात कॅन्सरचा धोका याहून मोठा. दहा मिनिटं लागली. देवा, सगळी मिळून दहा मिनिटं.

हे ऐकून पोरगी घाबरली असेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती शांत होती.

"मले पयल्याच दिवशी सांगतलं होतं मॅडमनं," ती म्हणाली. "तुमी तपासणीच्या खिडकीवर लाईनमधी उभे होते तवा. मी दोन दिवस विचार केला अन् दोनीले हो म्हटलं. तुमाले नाई सांगतलं, म्हटलं तुमी घाबरसान."

शालू खाली पाहत होती. आचल पुढे म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "माह्यं ठरलं होतं, बाबा. तुमी मले काऊन नाई विचारलं?"

मी रिपोर्टचा कागद घडी करू लागलो. ती म्हणाली, "ठीक आहे. मे मदी येतो मी चार दिवस. तवा सांगजा."

तुम्ही सगळ्यांनी सोबत यावं, असं लिहायला हे पत्र घेतलं होतं. तुझ्या दोन मुली आणि मुलगा आहे हे आता मला माहीत आहे. धाकटी कोणासारखी दिसते तेही आचलनं सांगितलं. ड्रमचं मात्र तू तिला काहीच सांगितलं नाहीस. ती तुझ्या घरात राहून तिच्या बापाबद्दल विचारत असताना, काहीच नाही. हे तिच्या बोलण्यावरून मला कळलं.

म्हणून असं करू. तिला आधी एकटीला येऊ दे. तिनं विचारलेल्याचं उत्तर ड्रमपासून सुरू होतं, आणि ते तू समोर असताना सोपं जाईल, मला आधार वाटेल, आणि तेच नको आहे. तिचं ऐकून झालं, तिनं जे म्हणायचं ते म्हटलं, की ती स्वतः तुला फोन करील. तिनं बोलावलं तर ये.

तुझा दादा,
खुशाल